कोल्हापूर ते थायलंड : व्हेटरन्स फुटबॉल संघ परदेशी स्पर्धेला नेताना

व्हेटरन्स, म्हणजे पस्तिशीपुढच्या खेळाडूंच्या, संघाची परदेशवारी बहुतेक वेळा ठरते ती शाहू स्टेडियमच्या गॅलरीत, नाहीतर सामन्यानंतरच्या चहावर. ‘जाऊया की!’ म्हणणारे त्या दिवशी बावीस असतात. पैसे भरायच्या दिवशी सोळा उरतात, विमानात चौदा बसतात आणि दुसऱ्या सामन्याला धडधाकट म्हणावेत असे दहा. ही गळती खेळामुळे होत नाही. पासपोर्ट, रजा, रक्तदाब आणि पोटरी ही तिची चार कारणं, आणि चारही घरी बसूनच हाताळायची असतात. त्यामुळे तयारीला सहा महिने धरा. चार महिन्यांत जमतं, पण तत्काळचे पैसे आणि मनस्ताप वाढतो.

इथं थायलंडमधली सात-सात जणांची स्पर्धा गृहीत धरली आहे. मुंबईहून बँकॉक साडेचार तासांवर आहे, मैदानं चांगली आहेत आणि ३५, ४०, ४५, ५० वर्षांपुढचे असे वेगवेगळे गट खेळवले जातात. दुबईला जाणाऱ्यांसाठी जिथं फरक पडतो तिथं तो सांगितला आहे.

आधी नियमपत्रक, मग तिकीट

फुटबॉलचे नियम ठरवणारी ‘इफाब’ व्हेटरन्स सामन्यांसाठी मैदानाचा आकार, वेळ आणि बदली खेळाडूंची पद्धत बदलायची मुभा देते. त्यामुळे दोन स्पर्धांचे नियम सारखे असतील असं धरू नका. प्रवेशिका भरण्याआधी आयोजकांकडून लेखी उत्तर घ्यायचा पहिला प्रश्न म्हणजे वय कोणत्या तारखेला मोजणार. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, की त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला? नोव्हेंबरमध्ये ४० पूर्ण करणारा खेळाडू एका स्पर्धेत चालतो आणि दुसरीत बाद होतो. वयाचा पुरावा म्हणून मूळ पासपोर्टच बघतात. शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांत जन्मतारीख वेगळी असलेले आपल्याकडे कमी नाहीत, आणि इथं पासपोर्टवरचीच खरी.

मग बाकीचं विचारा. एका दिवसात किती सामने, अर्धा डाव किती मिनिटांचा, बदली कितीही वेळा करता येते का, घसरून टॅकल चालतं का, ऑफसाइड आहे का, मैदान खऱ्या गवताचं की टर्फ (कृत्रिम गवताचं), मैदानाशेजारी डॉक्टर आणि हृदयाला झटका देणारं यंत्र, म्हणजे एईडी, आहे का. बहुतेक व्हेटरन्स स्पर्धांत घसरून टॅकल बंद असतं. आपल्या मातीत वाढलेल्या बचावपटूला ती सवय सोडवत नाही, आणि पहिल्याच सामन्यात फ्री किक जाते. तीन महिने सरावातच ते बंद ठेवा.

यादी

सातच्या संघाला चौदा खेळाडू न्या, त्यात दोन गोलकीपर. एकच गोलकीपर नेणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. त्याचं बोट मुरगळलं की स्ट्रायकर गोलात उभा राहतो आणि एका दुखापतीत दोन माणसं जातात. शिवाय न खेळणारा एक व्यवस्थापक हवाच. खेळता खेळता व्यवस्थापन करतो म्हणणारा दोन्ही कामं अर्धी करतो.

यादी तोंडी होकारावर करायची नाही. पहिला हप्ता, तोही परत न मिळणारा, भरला की नाव पक्कं. विमान कंपन्या साधारण दहा प्रवाशांपासून गटाचं भाडं देतात. त्यात जागा आधी धरता येते आणि नावं नंतर देता येतात, पण नावं दिल्यावर बदलायला दंड किंवा नवं तिकीट. म्हणून नावं शेवटच्या मुदतीलाच द्या आणि तोवर राखीव दोघांचे पासपोर्टही तयार ठेवा.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं खेळतात. अशा वेगवेगळ्या तालमींतले जुने खेळाडू एकत्र येऊन संघ होत असेल, तर जर्सीचा रंग पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. कुठल्याच तालमीचा नसलेला रंग घ्या. हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण वर्गणी थांबते ती इथंच.

हिशेबासाठी वेगळं खातं, दोघांच्या सह्या. प्रवेश फी, विमान, मुंबईपर्यंतची गाडी, हॉटेल, तिथली वाहतूक, विमा, जर्सी, औषधं, पाणी-बर्फ असे रकाने पाडून माणशी आकडा काढा आणि त्यावर १५ टक्के शिल्लक धरा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे पॅकेजच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. सगळं बिल कप्तानाच्या नावावर झालं तर चौदा जणांचा कर त्याच्या खात्यावर दिसतो आणि पुढे वर्षभर समजावत बसावं लागतं. पावत्या माणशी घ्या.

कागद

सगळ्यांचे पासपोर्ट एका संध्याकाळी टेबलावर मांडा. थायलंडमध्ये उतरायच्या दिवसापासून किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. मुदत कमी असेल तर नूतनीकरणाला त्याच आठवड्यात अर्ज. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळला वर २०००. अडकतं ते पैशांत नाही, पोलीस पडताळणीत. घर बदललेलं असतं आणि आधारवर जुना पत्ता असतो.

नावं नीट बघा. संघात ज्याला तीस वर्षं सगळे ‘बंडा’ म्हणतात त्याचं पासपोर्टवरचं नाव कप्तानालाही माहीत नसतं. आपल्या पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव कधी पहिल्या नावाला जोडलेलं असतं, कधी नसतं. तिकिटावर ते अक्षर न् अक्षर पासपोर्टसारखंच हवं. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल आणि नावही एकाच शब्दाचं असेल तर दुबईचा बेत करण्याआधी विमान कंपनीला विचारा, कारण अशा एकेरी नावाच्या पासपोर्टला यूएई सहसा प्रवेश देत नाही.

दहावी न झालेल्या आणि पन्नाशीच्या आतल्या खेळाडूच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असू शकते. म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी त्याला सरकारी परवानगी लागते. थायलंड आणि यूएई दोन्ही देश त्या यादीत आहेत. अट नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे, पर्यटकाला नाही, तरी इमिग्रेशनच्या खिडकीवर अशा माणसाला चार प्रश्न जास्त विचारतात. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि स्पर्धेचं निमंत्रण कागदावर छापून त्याच्या हातात द्या. मोबाइलमध्ये आहे म्हणून भागत नाही. नेमकं तिथं नेट नसतं. निमंत्रणात संघ हौशी आहे आणि खेळाडूंना मानधन नाही असं एक वाक्य आयोजकांकडून लिहून घ्या.

व्हिसाबाबत कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. भारतीयांसाठीचे थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा दूतावासाचं संकेतस्थळ बघा. १ मे २०२५ पासून प्रत्येकाला ‘टीडॅक’ हे डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं आणि फुकट असतं. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. चौदा जणांचं एका बैठकीत भरून प्रत्येकाचा क्यूआर कोड छापून घ्या.

शिक्षक, पोलीस, महापालिका, महावितरण अशा नोकऱ्यांतले खेळाडू संघात असणारच. खासगी परदेशवारीला त्यांना खात्याची पूर्वपरवानगी लागते, आणि रजेचा अर्ज म्हणजे परवानगी नव्हे. फाइल टेबलावरून टेबलावर फिरायला दोन महिने धरा.

विमा घेताना दोन कलमं वाचायची. पहिलं, स्पर्धात्मक किंवा संघटित खेळातली दुखापत वगळली आहे का. पुष्कळ साध्या प्रवास विम्यांत ती वगळलेली असते, आणि फुटबॉल खेळायलाच चाललेल्या संघाला अशा विम्याचा उपयोग सामान हरवण्यापुरता. दुसरं, आधीपासूनचे आजार. मधुमेह आणि रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहा. लपवलं तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

शरीर

पस्तिशीपुढच्या माणसाला खेळताना अचानक मृत्यू येतो तो बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यामुळे. त्यामुळे रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी सगळ्यांनी करायचं. पन्नाशी ओलांडलेले, सिगारेट ओढणारे, घरात हृदयविकार असलेले यांनी डॉक्टरांना विचारून ट्रेडमिलची चाचणीही. ‘मी अजून नव्वद मिनिटं पळतो’ हे वैद्यकीय प्रमाणपत्र नाही. खेळताना छातीवर ओझं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांतलं काही झालं तर माणूस बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. यावर कप्तानाशी वाद घालायचा नाही, हे आधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

सरावाला बारा आठवडे. पहिले चार आठवडे पूर्ण वेगाची दौड नाहीच. आठवड्यातून तीनदा चालणं-पळणं, आणि रोज घरी पोटऱ्यांचा व्यायाम. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली, १५ वेळा, तीन फेऱ्या. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण पोटरीचे दोन स्नायू वेगळे आहेत आणि गुडघा वाकवल्याशिवाय खालच्यावर पुरेसा ताण येत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर बसून, जोडीदाराला घोटे धरायला लावून, अंग सावकाश पुढे सोडायचं आणि शेवटी हातांवर झेलायचं. पाच वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून एकदा, मग दोनदा. पहिल्या खेपेला दोन दिवस बसता-उठता येत नाही, म्हणून हा व्यायाम सामन्याच्या आठवड्यात सुरू करायचा नाही.

पाचव्या आठवड्यापासून सत्तर टक्के वेग, आठव्यापासून पूर्ण. ऑफिसात दहा तास बसणारा माणूस शनिवारी थेट पूर्ण वेगानं पळाला की जातो तो पोटरीचा स्नायू. लक्षण ठरलेलं आहे. मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटून खेळाडू वळून बघतो आणि मागे कुणीच नसतं. अशा वेळी मालीश नको, ‘जरा पळून बघ’ नको. चवड्यावर उभं राहता येत नसेल तर टाचेची शीर तुटल्याची शक्यता असते. पाय न टेकता थेट दवाखाना.

शेवटचे दोन आठवडे सराव सकाळी सहाला नको, दुपारी तीनला घ्या. बँकॉकच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, उडत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. शरीराला त्या उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेलं. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, तो वहीत लिहून ठेवा. तिथं पाण्याचा अंदाज त्यावरूनच येतो. रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हातल्या सामन्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. सामन्याआधी ‘खबरदारी म्हणून’ पेनकिलर घेणं बंद. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि दुखणं दाबल्यामुळे छोटी दुखापत मोठी होते.

बूट आणि बॅग

माळ्यावरचे जुने बूट हा व्हेटरन्स संघाचा हुकमी घोळ. पाच-सात वर्षं न वापरलेल्या बुटाचा डिंक सुकतो, काही तळवे हवेतल्या ओलाव्यानं ठिसूळ होतात. दिसायला बूट नवा कोरा, आणि पहिल्याच वळणावर पुढून तळवा जिभेसारखा बाहेर. बूट दोन्ही हातांनी चवड्यापाशी वाकवून बघा. फट दिसली किंवा चुरा पडला तर तो टाकून द्या. नवे घेतले तर किमान तीन सराव त्यांतच करा. टर्फ असेल तर लोखंडी स्टड, म्हणजे तळव्याचे खुंट, चालत नाहीत. लांब स्टडही नकोत. ते टर्फमध्ये रुततात, पाय तिथंच राहतो आणि गुडघा फिरतो. आखूड आणि पुष्कळ रबरी स्टडवाले बूट घ्या.

जर्सीचे दोन रंगांचे संच, दोन्हींवर एका खेळाडूचा एकच क्रमांक. मापं छातीची टेपनं घ्या. ‘मला लार्ज बसतो’ हे वाक्य पंचविशीतलं असतं. शिनगार्डशिवाय, म्हणजे नडगीवरच्या ढालीशिवाय, पंच आत सोडत नाही, म्हणून दोन जोड जादा.

पाच नंबरचे चार चेंडू, हवा काढून. पंप, सुया, कात्री, बूट हे सगळं चेक-इनच्या सामानात. पॉवरबँक मात्र हातातल्या बॅगेतच. वेदनाशामक स्प्रेवरून विमानतळावर हमखास हुज्जत होते, त्याऐवजी मलमाच्या ट्यूब न्या. थंडाव्यासाठी बर्फच चांगला. औषधांच्या पेटीत क्रेप बँडेज ६, चिकटपट्टी ८ रोल, ओआरएसची २१ ग्रॅमची पाकिटं ६०, निर्जंतुक गॉज, अँटिसेप्टिक आणि प्लास्टिकच्या पिशव्या बर्फासाठी. रोजची औषधं प्रत्येकानं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवायची. दुबईला जाताना कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल बॅगेत नको. तिथं ती नियंत्रित यादीत आहेत.

खाऊचा डबा बांधणाऱ्या घरच्या मंडळींनाही सांगून ठेवा. शेंगदाण्याची चटणी, भडंग, दशम्या बिनधास्त. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच विमानतळावर काढून घेतात, तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात मोडतात. खसखस यूएई आणि सिंगापूर दोन्हीकडे बंद आहे, त्यामुळे तिकडे अनारसे नाहीत. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, आणि आपल्याकडेही २०१९ पासून विक्री बंद. भारतीय रोख माणशी २५,००० रुपयांपर्यंत नेता येते. त्यांचं थाई चलन, म्हणजे बाथ, करून घ्यायला शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा बऱ्या. त्यांना छोट्या नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो.

जाणं आणि पोहोचणं

कोल्हापूरहून मुंबई विमानतळ ३८० किलोमीटरच्या आसपास. गाडीला आठ-नऊ तास, त्यात खंडाळ्याच्या घाटाचे दोन तास जादा धरा आणि विमानाच्या तीन तास आधी दारात. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई आणि संध्याकाळचं विमान ही जोडी पाठीला सगळ्यात सोसणारी. रात्रभर बसमध्ये आणि मग पहाटेचं विमान म्हणजे दोन दिवस आखडलेल्या मांड्या. उतरल्यावर त्याच दिवशी सामना ठेवू नका. मध्ये एक दिवस हवा, त्यात अर्धा तास हलकं पळणं आणि मैदान पायाखालून घालणं.

थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. सकाळी साडेआठचा सामना म्हणजे शरीराच्या हिशेबानं सात. नाष्टा सामन्याआधी अडीच-तीन तास, म्हणजे साडेपाचला, आणि हॉटेलचं स्वयंपाकघर तेव्हा उघडत नाही. आदल्या रात्री केळी, ब्रेड, उकडलेली अंडी, जॅम खोलीत आणून ठेवा. शाकाहारींनी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवायचा. पिवळ्या फलकावर लाल अक्षरात तो लिहिलेला असला की तिथं मांस-मासे नसतात. नुसतं ‘भाजी’ म्हणून सांगितलं तर वरून माशाचा सॉस पडतो. १३ ते १५ एप्रिलला सोंक्रान हा थाई नववर्षाचा सण असतो, रस्त्यावर पाणीच पाणी आणि वाहतूक ठप्प. त्या दिवसांतला प्रवास टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खेळायला सगळ्यात बरा.

सामन्याचा दिवस

वॉर्म-अप वीस मिनिटं. त्याला फाटा दिलेला संघ पहिल्या पाच मिनिटांत एक माणूस गमावतो.

बदली आठवेल तशी करू नका. चाळिशीत दमलेला माणूस ‘अजून दोन मिनिटं’ म्हणतो आणि त्याच दोन मिनिटांत त्याचा स्नायू जातो. गोलकीपर सोडून बारा जणांचे तिघातिघांचे चार गट करा, क, ख, ग, घ. प्रत्येक गटात एक बचावाचा, एक मधला, एक पुढचा. सामना १२-१२ मिनिटांचा असेल तर दर चार मिनिटांनी एक गट बदला : कख, खग, गघ, घक, कख, खग. यात ‘ख’ला १६ मिनिटं मिळतात आणि ‘घ’ला आठच. म्हणून पुढचा सामना गघ पासून सुरू करा : गघ, घक, कख, खग, गघ, घक. दोन सामने मिळून प्रत्येकाची बरोबर २४ मिनिटं होतात, आणि कुणी कुणाला कमी खेळवलं हा घरी परतेपर्यंत चालणारा वाद होत नाही. घड्याळ व्यवस्थापकाच्या हातात. उपांत्य फेरीत हवं तर हे मोडा, गटातल्या सामन्यांत नको.

दोन सामन्यांच्या मध्ये सावली, ओलं फडकं मानेवर, ओआरएस थोडं थोडं. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये दाट करून पिणं चूक. उष्णतेनं कुणी बरळायला लागला, अडखळायला लागला तर तो ‘दमला’ नाही. जर्सी काढा, अंगावर बर्फाचं पाणी ओता, वारा घाला, आणि ते चालू असतानाच रुग्णवाहिका बोलवा.

थायलंडमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५. कुणी कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर एकानं फोन, दुसऱ्यानं एईडी आणायला धाव, तिसऱ्यानं छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे तिघे कोण, ते सामन्याआधी ठरलेलं असावं, आणि निघण्यापूर्वी संघातल्या निदान पाच जणांनी ते प्रत्यक्ष शिकलेलं असावं. बिअर शेवटच्या सामन्यानंतर. मधल्या रात्री घेतली तर दुसऱ्या दिवशीच्या दहाच्या उन्हात ती निघते.

दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून संदर्भ क्रमांक घ्या, मग कागदावर सही. केस पेपर, बिल, पावती, एक्स-रेचा अहवाल इंग्रजीत मागून घ्या. थाई भाषेतले कागद इथं भाषांतर करून घ्यायला पुन्हा खर्च. सामन्यात दुखापत झाल्याची दोन ओळींची चिठ्ठी आयोजकांकडून त्याच दिवशी घ्या. स्पर्धा संपली की ते लोक पांगतात आणि मग मेलला उत्तर येत नाही. परतल्यावर आठ दिवसांत हिशेब लिहून सगळ्यांना पाठवा आणि शिल्लक माणशी परत करा.